जिने ‘व्हय’ म्हटले नाही

थोरलीस आणि धाकट्यास,

गेल्या रविवारी थोरलीने मला फोनवर एका कराराचे फोटो पाठवले. कपड्यांच्या जाहिरातीसाठी दोन दिवसांचे चित्रीकरण, कॉलेजच्या जवळच. ‘आजी, तू पोलिसात होतीस, तुझे इंग्रजीही चांगले आहे, वाचून सांग सही करू का.’ मी वाचला. कागदात खोट नव्हती. तरी मी ‘थांब’ म्हटले, आणि का म्हटले ते फोनवर नीट सांगता आले नाही. म्हणून हे लिहिते आहे. धाकट्यानेही वाचावे, हे फक्त मुलींनी वाचण्याचे नाही.

माझ्या नोकरीतल्या एका दिवसाची स्टेशन डायरी मला अजून तोंडपाठ आहे, कारण त्यातली एक ओळ मी चुकीची लिहिली होती. कोणाचेही नाव इथे येणार नाही.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होते आणि किनाऱ्यावरचे एक लहान ठाणे माझ्याकडे होते. जाळ्यांवरून भांडणे, काजूबागेतल्या चोऱ्या, पर्यटकांचे हरवलेले फोन, असे आमचे रोजचे काम. गावात ज्यांनी घरात पाहुणे ठेवण्याचा धंदा सुरू केला होता, त्यांना पाहुण्यांचे रजिस्टर ठेवावे लागे. आम्ही ते अधूनमधून तपासत असू. एक काकी मात्र तपासणीची वाट न पाहता दर मंगळवारी दहा वाजता स्वतःच रजिस्टर घेऊन ठाण्यात येत. आमचे हवालदार म्हणायचे, “मॅडम, काकी इले. घड्याळ लावून घ्या.”

काकी विधवा होत्या. मुले बाहेरगावी. घराचा पुढचा भाग पाहुण्यांना देऊन त्या मागे राहत. त्या मंगळवारी त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवले आणि एका नोंदीवर बोट ठेवले. शहरातून आलेले तीन पुरुष आणि एक मुलगी. वेबमालिकेच्या चित्रीकरणासाठी मुक्काम. चौघांच्या नोंदी त्यांच्या प्रमुखाच्या एकाच हातच्या होत्या.

“चेडवाचा आधार कार्ड पण तेच्याच खिशात,” मुलीच्या नोंदीवर बोट नेत काकी म्हणाल्या. “तिचो फोन पण. आणि गाऱ्हाण्याक तिना व्हय म्हणूक नाय.”

तुम्ही लहानपणी गाऱ्हाणे ऐकले आहे, पण विसरला असाल. आपल्याकडे कोणतेही नवे काम सुरू करताना देवापुढे नारळ ठेवतात आणि एक जण मोठ्याने सांगतो: कोण आले आहे, कुठून आले आहे, कशासाठी, आणि देवाने काय सांभाळायचे. प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. सहसा हे पुरुष सांगतात. काकींच्या घरात सांगणारा पुरुष उरला नव्हता, म्हणून त्या सांगत. त्यांच्या घरात कोणी काही सुरू करणार असेल, तर तुळशीपुढे गाऱ्हाणे झाल्याशिवाय त्या करू देत नसत. सोमवारी सकाळी त्यांनी त्या मंडळींनाही अंगणात उभे केले होते.

शहरातले हसत हसत का होईना, व्हय म्हणाले, असे काकींचे म्हणणे. मुलगी आपल्याच जिल्ह्यातली, आतल्या गावातली. तिला कोणी शिकवायला नको. आणि तीच गप्प राहिली.

मला हसू आले, ते मी लपवले. पण आधार कार्ड आणि फोन दुसऱ्याच्या ताब्यात असणे ही हसण्याची गोष्ट नव्हती. रजिस्टर तपासण्याच्या निमित्ताने मी महिला कॉन्स्टेबलला घेऊन गेले.

त्यांचा प्रमुख स्वतःला दिग्दर्शक म्हणवत होता. चाळिशीचा, नम्र, इस्त्रीचा सदरा. मी विचारण्याआधीच त्याने फाइल पुढे केली. आठ पानांचा इंग्रजी करार, प्रत्येक पानावर मुलीची सही. मी तो तिथेच वाचला. कथानकाच्या गरजेनुसार सर्व प्रकारची दृश्ये करण्यास संमती, आणि नकार दिल्यास सगळ्या खर्चाची भरपाई. वय एकवीस. मी तिला विचारले, सही तुझीच? ती ‘हो’ म्हणाली. स्वखुशीने? पुन्हा ‘हो’. तो शेजारीच उभा होता. परत येऊन मी डायरीत लिहिले: ‘कागदपत्रे पाहिली. संशयास्पद काही नाही.’

तीच ती ओळ. इंग्रजी करार झरझर वाचता येतो याचे मला कौतुक होते, आणि त्या कौतुकात मी पंचवीस वर्षांचा धडा विसरले: माणसाला कधीही त्याच्या धन्यासमोर प्रश्न विचारू नये.

दुपारी बाराच्या उन्हात काकी पुन्हा आल्या. बसल्या नाहीत.

“मॅडम, कागद बरो वाचलात. चेडवाक इच्यारलात ता तेच्या म्होरच मा?”

मी डायरी उघडून ती ओळ पुन्हा वाचली.

“माझ्या चुलीकडे येवा. थंय पुरुष येनत नाय.”

मी गणवेश बदलला, साडी नेसले आणि मागच्या वाटेने काकींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. काकींनी पुढच्या दाराशी जाऊन त्या दिग्दर्शकाला सांगितले की मुलगी कालपासून जेवलेली नाही. ‘माझ्या घरात उपाशी माणूस मी ठेवत नाही, तिला अर्धा तास मागे पाठव.’ त्याला नाही म्हणायला कारण सापडले नाही.

मुलगी आली. मी तिला इथे बाय म्हणते, कारण काकी तेच म्हणत. काकींनी तिच्यापुढे पेज आणि फणसाची भाजी ठेवली. मी कोण ते सांगितले आणि त्यानंतर काही विचारले नाही. ती निम्मी पेज जेवली आणि मग बोलू लागली.

तिने फोनवर एक जाहिरात पाहिली होती: कौटुंबिक मालिकेसाठी नवे चेहरे हवेत. घरी तिने शिवणाच्या वर्गाचे शिबिर आहे असे सांगितले. रविवारी रात्री ती पोचली, सोमवारी सकाळी घाईघाईत सह्या झाल्या. सह्या होताच फोन आणि कार्ड ‘सांभाळायला’ म्हणून घेतले गेले आणि कळले की मालिकेत सासू नाही, सून नाही, मालिकाच नाही. संध्याकाळी दार लावून, तिला नको असताना, एक प्रसंग चित्रित केला गेला. उरलेले केले नाहीस तर हे गावाच्या ग्रुपवर जाईल, असे तिला सांगितले होते.

“मिया सय केलंय मॅडम,” ती म्हणाली. “आता माझा काय चलाचा नाय. आवशीक कळला तर...”

आईचे मी बघते असे म्हणून मी तिला सांगितले की सहीने माणूस विकला जात नाही आणि असा कोणताही कागद कायद्यापुढे टिकत नाही. तिचा विश्वास बसला असे मला वाटले नाही. पण काकींनी ताटात आणखी पेज वाढली आणि म्हटले, “जा गो बाय मॅडमबरोबर. मी पण येतंय.” तेव्हा ती उठली.

फिर्याद महिला कॉन्स्टेबलने लिहून घेतली. फसवणूक, धमकी, लैंगिक अत्याचार, माहिती तंत्रज्ञान कायदा, अशी कलमे लागली. दोन पंच घेऊन आम्ही घरावर गेलो. कॅमेरा, लॅपटॉप, फोन, मेमरी कार्डे जप्त करून सीलबंद केली. फाइलमध्ये आणखी पाच मुलींचे तसेच करार निघाले. त्यांच्या चित्रफितींवर ‘हौशी’, ‘घरगुती’ असे शब्द घातलेले होते. चौकशीत कळले की गिऱ्हाईक हेच शब्द बघून येते. पाहणाऱ्याला वाटते, ही मुलगी आपल्या मर्जीने, मजेने करते आहे. दार कोणी लावले, फोन कोणाच्या खिशात आहे, हे चौकटीच्या बाहेर असते. धाकट्या, हे तुझ्यासाठी. तू पाहत नसशील, पण तुझे मित्र तुझ्यापुढे फोन धरतील तेव्हा हे आठव.

चौकशीत दिग्दर्शक शांत होता. चहा प्याला, आभार मानले. त्याचे उत्तर एकच: मुलगी सज्ञान आहे, काम काय आहे हे तिला जाहिरातीपासून माहीत होते, आम्ही कोणाला काही वेगळे सांगितलेच नाही. जाहिरात त्याने पुसून टाकली होती. दीड तास तो या वाक्यावरून हलला नाही. खरे सांगते, मला काळजी वाटू लागली होती.

दुसऱ्या खोलीत मी त्या तिघांतल्या कॅमेरावाल्याला विचारले, “काकींनी गाऱ्हाणे घातले तेव्हा तू कुठे होतास?”

“कॅमेऱ्यामागे,” तो म्हणाला. “सर म्हणाले, मुहूर्त आहे, घे शूट करून.”

पंचांसमोर आम्ही त्या मेमरी कार्डाची प्रत लावली. तुळस, नारळ, पदर खोचलेल्या काकी. त्या मागे वळून विचारतात, “देवाक काय सांगू? कसला काम तुमचा?” आणि दिग्दर्शकाचा स्वच्छ आवाज: “सांगा, कौटुंबिक मालिका. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावी अशी.” काकी तसेच सांगतात. ही लेक आमच्याच मुलखातली, तिका सुखरूप तिच्या घराक पोचव रे म्हाराजा. तीन पुरुषांचे आवाज येतात, ‘व्हय म्हाराजा’. बाय कडेला उभी आहे, खाली बघत, ओठ घट्ट मिटलेले.

मी दिग्दर्शकाला ते दोनदा दाखवले. दुसऱ्यांदा त्याने पाणी मागितले. पाणी पिऊन त्याने बाकीच्या पाच मुलींना कसे बोलावले तेही सांगितले. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. पण त्यावरून जे निघाले ते चालले.

तू का गप्प राहिलीस, असे मी बायला नंतर विचारले. ती म्हणाली, “माका तेवा खरा कळलला. देवाक खोटा कसा सांगू?” माणसांपुढे तिने आठ सह्या केल्या होत्या, माझ्यापुढे दोनदा ‘हो’ म्हटले होते. ज्या एका ठिकाणी तिला नकार देता आला तिथे तिने दिला, आणि तो ओळखणारी बाई तिथे होती.

चित्रफीत बाहेर गेली नव्हती. काकींच्या घरात रेंज फक्त विहिरीजवळच्या माडाखाली येते, तीही वाऱ्याच्या लहरीवर. दिग्दर्शक बुधवारी वेंगुर्ल्याला जाऊन ती पाठवणार होता. त्या माडाचे मी मनात अनेकदा आभार मानले आहेत.

संध्याकाळच्या एसटीने बायची आई आली. मी बोलण्याची मनात तयारी केली होती. तिने लेकीकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “जेवलंस काय गो?” त्यानंतर दोघी ठाण्याच्या बाकावर बराच वेळ हात धरून बसल्या.

बाकीच्या पाचपैकी दोघींनी फिर्याद दिली. तिघींनी नको म्हटले, आणि मी आग्रह धरला नाही. त्यांच्या ‘नाही’लाही किंमत होती. त्यातल्या एकीचे चित्रण आधीच पसरले होते. ते काढून घ्यायला लावले की दुसरीकडे निघे. ते काम माझ्या हातून पुरे झाले नाही. दिग्दर्शकाला शिक्षा झाली. बायने साक्ष मालवणीत दिली. न्यायाधीशांनी ती तशीच ऐकून घेतली.

थोरले, तुझ्या कागदावर सही करू नकोस असे मी म्हणत नाही. सही करण्याआधी फोन आणि ओळखपत्र स्वतःजवळ ठेव, घरी कुठे जातेस ते खरे सांग, आणि सहीनंतरही मन नाही म्हणाले तर उठून ये. येण्याचे भाडे मी देईन, कारण विचारणार नाही.

काकी दोन वर्षांपूर्वी गेल्या. बायचे शिरोड्याला शिवणाचे दुकान आहे. उघडले तेव्हा गाऱ्हाण्याला मी होते, आणि सगळ्यांत आधी ‘व्हय’ तिचे आले. काकींच्या घरी आता त्यांची सून पाहुणे ठेवते. रजिस्टर अजून चालू आहे, आणि त्यात प्रत्येक पाहुणा आपले नाव आपल्या हाताने लिहितो.