पिसारी पतंग आणि माझी उपडी बादली

बेलापूरहून उरणची बस धरली तेव्हा पिशवीत भिंग, वही आणि पित्ताची गोळी होती. तीस वर्षं मी शाळेत फळ्यावर अंडं, अळी, कोश, पतंग असं गोल गोल जीवनचक्र काढतेय. पण कोशातून पतंग निघताना एकदाही पाहिलेला नाही. सांगायलाही लाज वाटते! त्यात पुढच्या महिन्यात निवृत्ती. म्हणून आमच्या शाळेच्या माजी शिपाई ठकूबाईंचा फोन आला, "बाई, वालाला तुमची ती केसाळ अळी लागलीय, मेली शेंगा खातेय," तेव्हा हळहळायचं सोडून मी "अगं बाई, छान!" म्हणाले.

त्यांच्या शेताच्या कुंपणापलीकडे कंटेनरांची चळत लागलेली. ठकूबाईंनी चहाआधीच बजावलं, "तुमच्यासाठी फवारनी थांबवलीय. आज काय ते बगून घ्या. उद्या मारनार मी."

ती अळी पिसारी पतंगाची. हा पतंग वालाच्या कळ्यांवर, कोवळ्या शेंगांवर अंडी घालतो. हिरवट अळी शेंगेला भोक पाडून डोकं आत खुपसते, बाकीचं अंग बाहेर ठेवून दाणा खाते. पंगतीत आमचे भावोजी बसतात तशी तल्लीन. कोशही केसाळच, शेंगेला चिकटलेला. त्यातला एक काळपट पडलेला सापडला. म्हणजे आज निघणार! मी बादली उपडी घालून समोर ठाण मांडलं.

एक वाजला, दोन वाजले. कोश ढिम्म. अंगणात पोपटी (भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) तयार झाली.

"बाई, जेवाला चला."

"तुम्ही घ्या, मी नंतर."

"पावन्याआधी आमी जेवाचं? जमनार नाय."

तीन वाजता कळलं, माझ्या पतंगापायी अख्खं घर उपाशी आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठकूबाईंचे यजमान ट्रेलर चालवतात. नाव बारक्याशेठ, देह दाराएवढा. ते म्हणाले, "जावा बाई, मी बसतो. हलला का हाक मारतो."

मी शेंगा कशाबशा कोंबल्या, जीभ भाजली, धावत आले. कोश रिकामा! शेजारी काडीएवढा तपकिरी पतंग, पिसांसारखे चिरलेले पंख आडवे ताणून बसलेला.

"हाक का नाही मारलीत हो?" मला रडूच फुटलं.

बारक्याशेठ कान खाजवत म्हणाले, "बाई, बगतच ऱ्हायलो. हाक माराचं सुचलंच नाय."

मग त्यांनी करून दाखवलं. खांदे आवळले, मान पुढे काढली, कुथत कुथत एकेक हात सोडवला; ओले पंख म्हणून दोन्ही हात लोंबते ठेवले आणि हळूहळू पसरले. मी नाक पुसत सगळं वहीत उतरवलं.

"झालं ना बगून? उद्या फवारते," ठकूबाई म्हणाल्या.

"वालाची ही एक ओळ ऱ्हाऊ दे," बारक्याशेठ पुटपुटले. "खातील किती ते खातील."

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्यावर रागवायचा बराच प्रयत्न केला, पण जमेना. पाहायचं राहिलं ते राहिलंच. सोमवारी सातवीच्या वर्गात खडू बाजूला ठेवला, टेबलाआड खांदे आवळून बसले आणि कुथत कुथत बाहेर आले. पोरं हसून लोळली. मग मी हळूहळू हात पसरले. मधल्या सुट्टीची घंटा वाजली, तरी एकही पोर उठलं नाही.