समुद्राला तुरटी

आमच्या घराण्यात समुद्र पहिल्यांदा मी पाहिला. एम.एस्सी.च्या सहलीत, कोकणात. बाप आयुष्यभर मेंढरं घेऊन गोदाकाठानं फिरला. पैठणच्या धरणाकडं बघून म्हणायचा, याच्यापेक्षा मोठं पाणी असून असून किती असणार? मी घरातली पहिली पदवीधर. आता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते. होऊ द्या, फुकट मिळालेलं नाही ते.

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजनं पालकांसाठी विज्ञानाचा एक दिवस ठेवला. माझ्याकडं विषय आला प्रवाळांचा. उष्ण समुद्रातली प्रवाळं का मरतायत, त्यांना रोग का लागतायत. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, नुसत्या स्लाइड नकोत. इथल्या लोकांनी प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं पाहिलंय. काहीतरी जिवंत दाखवा."

मग हर्सूलच्या आमच्या दोन खोल्यांत मी काचेची टाकी मांडली. कडक प्रवाळ पाळायला कायद्यानं बंदी आहे. मी आणलं ते मऊ जातीचं, शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतं तसलं. एका दगडाला चिकटलेली बटणाएवढी हिरवी-तपकिरी तोंडं. फिल्टरचं पाणी घेतलं, त्यात समुद्री मीठ कालवलं, आणि मराठवाड्यात एक घागरभर समुद्र तयार झाला.

बाप गेल्यापासून माय माझ्याकडंच असते. तिनं टाकीभोवती एक चक्कर मारली.

"हे झाड हाय का जनावर?"

"जनावर आहे, माय."

"दूध देतंय?"

"नाही."

"लोकर?"

"नाही गं."

"मग कशाला पाळायचं? लई शिकली म्हणून फुकटची चाकरी!"

पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी तीच टाकीपुढं बसायला लागली. तोंडं उघडली की मला कॉलेजात फोन. "उघडले बघ समदे. चरायला लागले." रात्री दिवा बंद केला की म्हणायची, "कळप बसला." मी तिला सांगितलं, या जनावराच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं आणि खायलाही घालतं. तिला ते लगेच पटलं. "म्हंजे घरातच चारा. शहाणं हाय की."

कार्यक्रमाच्या आठवड्यात मी टाकीवर मोठा दिवा बसवला. सभागृहात मागच्या खुर्चीवरूनही रंग दिसले पाहिजेत, असा माझा हट्ट. वर काचेचं झाकण घातलं, पाणी उडू नये म्हणून. बाहेर एप्रिल भाजत होता, दुपारची वीज जात होती, पंखा बंद पडत होता. टाकीतला तापमापक लाल खुणेच्या वर गेलेला मी पाहिला. एकदा नाही, रोज पाहिला. म्हटलं, कार्यक्रमापुरतं निभेल.

निभलं नाही. आधी तोंडं मिटली. मग रंग उतरत गेला. उष्णता सोसेना म्हणून त्यांनी अंगातलं शेवाळ बाहेर टाकलं होतं. मी वर्गात फळ्यावर काढते तेच माझ्या घरात चाललं होतं. शेवटी त्यांच्या अंगावरून बुळबुळीत पदार्थ सुटला आणि पाणी गढूळ झालं. मी दिवा काढला, झाकण काढलं, आणि तशीच कॉलेजला पळाले.

माय घरी एकटी होती. तिनं गढूळ पाणी पाहिलं. आमच्याकडं नळाला आठवड्यातनं कधीतरी पाणी येतं. आलं की पिंप भरायचं, गढूळ असलं तर तुरटी धरून हात गोल फिरवायचा आणि तळाशी गाळ बसू द्यायचा. हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. तिनं तेच केलं. संध्याकाळी मी आले तर पाणी आरशासारखं नितळ होतं, आणि दगडावर पांढरी बटणं.

"पाणी खराब झालं व्हतं," माय म्हणाली. "तुरटी फिरवली. आता बरं वाटंल त्यांला."

तुरटीनं पाणी आंबट होतं. जी एखाददोन तोंडं कदाचित वाचली असती, तीही गेली. पण कळप आजारी मी पाडला होता, आणि ते मला तिथंच, चपला काढायच्या आधी कळलं होतं. मी चपला काढून टाकीपुढं खाली बसले. तिला वाटलं मी दमलेय. तिनं चहा टाकला.

कार्यक्रमाला टाकी मी तशीच, पांढऱ्या बटणांसकट, नेऊन व्यासपीठावर ठेवली. माय इरकल नेसून आली. मी तिला मागं बसायला सांगितलं. खरं सांगते, ती मोठ्यानं बोलते म्हणून. ती तिसऱ्या रांगेत बसली.

भाषण चांगलं झालं. समुद्राचं पाणी तापतंय. शेतातली खतं आणि शहरांचा मैला वाहून जातोय, त्यावर भलतं शेवाळ माजतंय. बांधकामांचा गाळ प्रवाळांवर बसतोय. जहाजांचे नांगर, जाळी. आणि मग रोग, कुठं पांढरा पट्टा, कुठं काळा. मी म्हणाले, रोग सगळ्यात शेवटी येतो म्हणून तोच नजरेत भरतो. पण त्याच्या आधी कुणीतरी त्या जिवाला अर्धमेलं केलेलं असतं. कारण शोधताना शेवटी आलेल्यावर बोट ठेवू नका. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात एक पालक उठले. "मॅडम, मग तुमच्या टाकीतले का मेले?"

सभागृहात थोडी खसखस पिकली. विभागप्रमुख माझ्याकडं बघत होते. चिकलठाण्याच्या कारखान्यातले शिकलेले बाप, त्यांच्या इस्त्रीच्या साड्यांतल्या बायका, माझे विद्यार्थी, सगळे बघत होते. दिवा, झाकण, तापमापक, सगळं ओठावर होतं. माझ्या तोंडून निघालं,

"काय करणार? आमच्या घरी समुद्रालाही तुरटी फिरवतात!"

हशा पिकला. विभागप्रमुखांनी टेबलावर थाप मारली. मायही हसत होती. तोंडाला पदर लावून शेजारच्या बाईला सांगत होती, आणि ते मला व्यासपीठावर ऐकू आलं, "मीच ती. मी तिची आई."

आम्ही रिक्षानं घरी निघालो. हर्सूलच्या कारागृहाची भिंत मागं पडल्यावर माय म्हणाली, "भाषण बेस झालं. लोक लई हसले." मी म्हटलं, हं.

घरी आल्यावर मी पिठलं केलं, भाकरी थापल्या, ताट वाढलं. माय भिंतीला टेकून बसली होती.

"मला नको आज."

"का? बरं नाही का?"

"बरी हाय."

मग माझ्या लक्षात आलं. आमच्या घरात एक रीत होती. राखणदाराच्या चुकीनं मेंढरू मेलं तर त्यानं त्या दिवशी जेवायचं नाही. लांडग्यानं नेलं तर गोष्ट वेगळी. पण विषारी पाल्यात सोडलं, उन्हात डांबलं, तर उपास. कुणी सांगायचं नाही. ज्याचं त्यानं ताट सरकवायचं. बापाला मी तसं बसलेलं पाहिलंय.

"माय, जेव."

"मुके जीव व्हते गं. रोज बघत व्हते मी त्यांला. मला काय ठावं, तुरटी बाधती."

मी ताटासमोर बसून होते. इतकी वर्षं तिला लोकांपासून झाकत आले, तिच्या बोलण्यापासून, तिच्या कुंकवाएवढ्या गोंदणापासून, आणि आज झाकायची गरज पडली तेव्हा तिलाच पुढं केलं. बरं, ती चिडली असती तर मीही चिडले असते. ती उपाशी बसली होती.

"तुरटीनं नाही मेले," मी म्हणाले. "आधीच मेल्यात जमा होते. मी मोठा दिवा लावला, वर झाकण घातलं. पाणी तापलं. मला रोज दिसत होतं."

"दिसत व्हतं?"

"व्हय." कॉलेजात गेल्यापासून मी 'व्हय' म्हणत नाही.

"मग काढला नाय दिवा?"

"कार्यक्रमात रंग दिसावा म्हणून."

ती विचारील असं वाटलं, मग तिथं सगळ्यांम्होरं तसं का बोललीस? त्याचं उत्तर मी जुळवत होते. तिनं विचारलंच नाही.

पदर खोचून ती पुढं सरकली. माझ्यासमोरचं ताट उचलून तिनं स्वतःपुढं घेतलं आणि भाकरी मोडली.

"मग तू जेवू नको," ती म्हणाली.

माय जेवली. पिठलं तिला आवडलं असावं, दोनदा मागून घेतलं. मी वाढत होते.