थांबाबाईच्या लाल प्लेटा

जनावरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत तिला सगळे थांबाबाई म्हणत. कुणी जंतू वाढवलेल्या जुन्या प्लेटा वाफेच्या भट्टीत टाकायला निघालं, की तिचा हात आडवा आलाच. "थांबा जरा!" एकवीस वर्षं ती इथे जंतू वाढवून ओळखत होती. बढती तीनदा दारापर्यंत आली आणि शेजारच्या टेबलावर गेली. 'बाई वाद घालतात,' असा शेरा साहेबांनी मारला होता. शेरा काही खोटा नव्हता.

एका सकाळी गोठेवाल्या काकू दुधाच्या आठ बाटल्या घेऊन आल्या. गोठ्यातल्या चौदापैकी आठ गाईंच्या कासा सुजलेल्या, दुधात गुठळ्या, औषधाचे दोन फेरे वाया गेलेले.

"बाई, या वेळी काही सापडलं नाही तर गोठा मोडते. हात टेकले मी."

दुसऱ्या दिवशी आठही प्लेटांवर फिकट, ओलसर ठिपके उगवले. साहेबांनी उभ्याउभ्याच पाहिलं.

"संधिसाधू जंतू. मातीत, पाण्यात कुठेही असतात. दूध काढताना हात घाण असेल. 'नमुना दूषित' लिहा आणि मोकळ्या व्हा."

"आठही नमुने एकाच जंतूनं दूषित?"

"योगायोग."

"आठ वेळा झाला तरी योगायोगच?"

"बाई, आपल्याला पगार अहवाल द्यायचा मिळतो. गुप्तहेरगिरीचा नाही."

नियमाप्रमाणे प्लेटा त्याच संध्याकाळी भट्टीत जायला हव्या होत्या. तिनं त्या इन्क्युबेटरच्या उबेतून काढून टेबलावर तशाच ठेवल्या. काही जंतू उबेत फिकट राहतात, खोलीच्या गारव्यात रंग दाखवतात, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. तिसऱ्या सकाळी आठही प्लेटा डाळिंबाच्या दाण्यांसारख्या लाल झाल्या होत्या.

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थेट गोठा गाठला.

काकूंच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. हात धुतलेले, प्रत्येक गाईला वेगळं फडकं. धार काढून झाली की प्रत्येक सड काकू जंतुनाशकाच्या पेल्यात बुडवत. पेल्यात उरलेलं जंतुनाशक परत मोठ्या डब्यात ओतत.

"हा डबा शेवटचा रिकामा कधी केलात?"

"रिकामा कशाला? औषध आहे ते, औषध कधी नासतं का? तळाला गेलं की वरून भर घालते."

थांबाबाईनं डब्याच्या तळाचं थोडं बाटलीत घेतलं. तीन दिवसांनी त्याचीही प्लेट लाल झाली.

"हा नमुना कुणी मागवला?" साहेब तडकले. "नोंद नाही, अर्ज नाही. मी सही करणार नाही. उद्या औषधवाले अंगावर येतील!"

"औषधाला मी नावं ठेवलेलीच नाहीत. डबा कधी धुतला नाही, वापरलेलं परत ओतून औषधाचा जोर गेला आणि तळाशी जंतू वाढले, एवढंच लिहिलंय."

"खुलासा मागवीन तुमचा."

"खुशाल मागवा. जंतूंना संधिसाधू तुम्हीच म्हणालात ना? मग संधी कुठे मिळाली, ते लिहायला नको?"

अहवालावर दोन सह्या लागत. तिची एकच झाली, दुसरी जागा कोरी. तसाच कागद तिनं काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो बाकावर बसून वाचला.

"म्हणजे मीच केलं हे?"

"नकळत, पण हो. खोटं सांगून तुमची समजूत काढणार नाही मी."

"बऱ्या होतील?"

"आठही होतील असं छातीठोक सांगत नाही. पण बाकीच्या सहा वाचतील. डबा आजच फेका. रोज ताजं औषध, उरलं की ओतून द्यायचं."

काकूंनी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. "मग गोठा मोडत नाही मी," असं म्हणून त्या उठल्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी खुलाशाची नोटीस तिच्या टेबलावर आली. नोंद नसलेला नमुना परवानगीशिवाय का तपासला? उत्तरासाठी सबंध पान कोरं सोडलं होतं. थांबाबाईनं एक ओळ लिहिली: 'आजाराचं मूळ त्या डब्यात होतं, म्हणून तपासला, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तपासीन.' खाली पूर्ण नावानिशी सही ठोकली आणि कागद स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.