माझ्या फायलीतली चिठ्ठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या कुणाला नाही. पत्रकं मी एका बैठकीत लिहिते — हे लिहायला मात्र तिसरं वर्ष लागलं. आता थकले आहे. लपवण्याचाही कंटाळा येतो, ठाऊक आहे तुम्हाला?

आमची मागणी साधी होती. ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांचा डॉक्टर द्या. डोळ्याला काही झालं की जो तो डॉक्टर चिठ्ठी लिहितो, अमरावतीला जा. म्हणून आमची घोषणा — ‘चिठ्ठी नको, डॉक्टर द्या!’ पुरावा म्हणून अशा चिठ्ठ्या मी गोळा करायची. मागणी खोटी नव्हती. आजही नाही. मग खोटं कोण होतं?

शेवंतामावशी सोमवारी परतवाड्याच्या बसस्टँडवर भेटली. आमच्या सभांना येणारी, मजुरीवर जाणारी बाई. तूर सोंगताना कापलेल्या झाडाचा खुंट डोळ्यात गेला होता. डोळा लालभडक, पाणी थांबेना, उजेडाकडे बघवेना. आमच्या गावातल्या डॉक्टरनं तिला तपासलं होतं. डोळ्यांचा नाही, साधा तापखोकल्याचा डॉक्टर. पण त्यानं एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावली, रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावर जखम, तिच्यात पांढरा ठिपका. मेडिकलवाले लाली घालवायला देतात तसले थेंब घालू नका म्हणून बजावलं, आणि चिठ्ठी दिली. चिठ्ठीत ‘आजच’ हा शब्द होता. खाली दोन रेघा.

त्या माणसानं आणखी काय करायचं होतं?

मावशी अमरावतीच्या गाडीची वाट पाहत होती. मी तिला थांबवलं. हो — मीच. गुरुवारी अमरावतीला आमचं धरणं होतं. म्हटलं, आमच्याच गाडीत चला, मोठ्या डॉक्टरकडे मी स्वतः नेते. खरं कारण सांगू? मला पुढच्या रांगेत एक लाल डोळा हवा होता.

“पन डॉक्टरनं त आजच जा म्हनलं ना, माय?”

“ते सगळ्यायलेच तसं म्हनते, मावशी. भेव दाखवाचा धंदाच हाय त्यायचा.”

“असंन बाप्पा. तू शिकेल हायेस, तुले जास्त समजते.”

आणि तिनं चिठ्ठी माझ्या हातात दिली. झेरॉक्सवाल्याकडे लाइट नव्हती. मूळ चिठ्ठीच फायलीत गेली.

गुरुवारी ती तीन तास उन्हात बसली, डोळ्यावर पदर धरून. फोटो चांगला आला. मग दवाखाना. ठिपका बुबुळभर पसरला होता. तिला आत ठेवून डॉक्टरीणबाई व्हरांड्यात आल्या. “इतके दिवस कुणी पाठवलं नाही यांना?”

फाईल माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

“नाही,” मी म्हणाले.

डोळा गेला. नंतरचं पत्रक मीच लिहिलं — ‘खाजगी डॉक्टरच्या बेपर्वाईनं मजूर महिलेचा डोळा गेला’. नाव घातलं नाही. गरजच काय? गावात डॉक्टर एकच. त्याच्या पाटीला कुणीतरी शेण फासलं. मावशी एकदोघांना म्हणाली, डॉक्टरनं त धाडलं होतं मले. लोकांनी छापलेलं खरं मानलं. डॉक्टर मला एकदाच बाजारात भेटला. “ताई, चिठ्ठी दिली होती मी. तुम्ही पाहिली नाही?” मी म्हटलं, नाही पाहिली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. वर्षाच्या आत तो अकोल्याला, जुन्या शहरात गेला. पत्रकाचा एक गठ्ठा आम्ही तिथेही वाटला. वाटणाऱ्यांत मी होते. गावात आता डॉक्टर नाही. डोळा लाल झाला की मेडिकलवाला थेंब देतो — तेच, त्यानं घालू नका म्हटलेले.

अजून एक राहिलं. सगळ्यात जड तेच.

पत्रक छापून आलं त्या दिवशी मावशी घरी आली होती. तिला वाचता येत नाही. म्हणाली, “माह्याबद्दल काय लेहलं, वाचून दाखव ना माय.” मी वाचलं. मथळा सोडून वाचलं. डॉक्टरची ओळ आली, तीही गाळली. आवाज जराही अडखळला नाही माझा.

“बेस लेहलं,” ती म्हणाली. आणि मी नीट दिसावी म्हणून तिनं मान पूर्ण वळवली.