वऱ्हांड्यात उजेड चांगला येतो

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. बदली झाली की नव्या गावात, भाड्याच्या खोलीत, सामान उतरवायच्या आधी ते भिंतीत खिळा ठोकायचे. आई टेम्पोतून भांडी काढायला लागली की म्हणायचे, "थांब, आधी खिळा." मग त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतून दोन तसबिरी निघायच्या. एक बुद्धाची आणि एक निळ्या कोटातली. त्या दुसऱ्या तसबिरीला आमच्या घरात कोणी फोटो म्हणत नाही, बाप म्हणतात. घरमालकानं आधी आडनाव विचारावं, मग गाव, मग आडून आडून आणखी काही, त्यापेक्षा भिंतीलाच बोलू द्यावं, असं बाबांचं सरळ गणित होतं.

आष्टीकडच्या एका गावात घरमालक पहिल्याच संध्याकाळी चौकशीला आला, भिंतीकडे पाहिलं, पाणी पिऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याला आठवलं की त्याचा मुलगा पुण्याहून कायमचा परत येतो आहे. बाबांनी स्वतःच्या हातानं खिळा उपटला, भोक ओल्या मातीनं बुजवलं आणि म्हणाले, "भिंत त्याची हाये, खराब कायले करा." तो मुलगा पुण्याहून काही आला नाही. आम्ही त्याच गावात दुसऱ्या टोकाला खोली घेतली आणि तिथंही आधी खिळाच ठोकला.

हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढे जे केलं ते कोणाच्या मुलीनं केलं हे कळायला हवं.

बी.एड. झाल्यावर मला शिष्यवृत्ती मिळाली आणि शिक्षणशास्त्राच्या पुढच्या अभ्यासक्रमासाठी मी स्कॉटलंडला गेले. वर्ध्याजवळ पिपरी मेघेला आमचं स्वतःचं घर होतं, तिथल्या गल्लीत पेढे वाटले गेले. तिथे सराव पाठांसाठी मला समुद्राकाठच्या एका लहान गावातली शाळा मिळाली, आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग. पहिले काही दिवस मी नुसती चुकतच होते. मुलं मला नावानं हाक मारायची आणि मी मागे वळून पाहायची की ही कोणाला बोलावताहेत. मी वर्गात शिरले तरी कोणी उठायचं नाही. शिक्षकांच्या खोलीत दिसेल तो कप घेऊन मी चहा प्यायले, तर तो कप गेली कित्येक वर्षं एकाच बाईंचा होता आणि बाकी सगळे श्वास रोखून माझ्याकडे पाहत होते. शिंतोडे पडत असले तरी मुलांना मधल्या सुट्टीत बाहेर हाकलत. आपल्याकडे एखाद्या मास्तरानं असं केलं तर आयाबाया पदर खोचून शाळेत येतील.

पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली. तिथे माझ्या आडनावाला काही अर्थच नव्हता. वर्ध्यात आडनाव सांगितलं की समोरचा "अच्छा" म्हणतो आणि त्या अच्छामध्ये सगळं येतं. तिथे मी इंडियन होते, विषय संपला. डोक्यावरचं ओझं उतरल्यावर मान कशी हलकी होते, तसं झालं मला. त्यात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. वाईट पुढं झालं.

वर्गशिक्षिका उंच, पिकल्या केसांची, गुडघे दुखत असूनही मुलांबरोबर जमिनीवर बसणारी बाई होती. दर सोमवारी ती मुलांना गोल बसवायची आणि प्रत्येकानं आपल्या घरचं काहीतरी सांगायचं. नियम एकच, स्वतःच्याच घरचं सांगायचं. "दुसऱ्यांच्या घरचं पुस्तकात मिळतं," ती म्हणायची. मुलंही सांगत. एका मुलानं अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं की त्याचे बाबा आता दुसऱ्या घरी राहतात आणि तिथल्या सोफ्यावर त्याला झोप लागत नाही.

दिवाळीला अजून दोन-तीन आठवडे होते तेव्हा बाई मला म्हणाली, "या सोमवारी तुझ्या घरची दिवाळी सांग ना."

खरं उत्तर माझ्याकडे होतं. आमच्या घरची दिवाळी म्हणजे नवा ड्रेस, आईच्या चकल्या आणि गल्लीतल्या पोरांबरोबर फटाके. पूजा नाही. आंजीला, आमच्या मूळ गावी, माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हाच घरातले देव पाण्यात सोडले होते आणि ते पुन्हा घरात आणायचे नाहीत अशी प्रतिज्ञा घेतली होती. पण हे सांगायचं तर का सोडले तेही सांगावं लागणार, आणि ते जात सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. आठ वर्षांच्या मुलांना जात कशी समजवायची, असं मी स्वतःला विचारलं. ही निव्वळ पळवाट होती. अडचण मुलांची नव्हती. त्या बाईसमोर, त्या शाळेत, मला पुन्हा 'अच्छा' व्हायचं नव्हतं.

सोमवारी गोलात बसून मी सांगितलं, "संध्याकाळी माझे बाबा लक्ष्मीची पूजा करतात. शेजारी गणपती असतो. लाह्या आणि बत्ताशे ठेवतात, मग ते आम्हाला मिळतात." लहानपणी सुट्टीत पिपरीला आलो की मी दर वर्षी मैत्रिणीच्या घरी उंबऱ्याशी बसून हे पाहिलं होतं. तपशील सगळा बिनचूक होता, घर तेवढं दुसऱ्याचं होतं.

मुलं खूश झाली. पुढचे दोन दात पडलेल्या एका मुलीनं चित्र काढलं. लक्ष्मी, हत्तीच्या डोक्याचा देव आणि समोर हात जोडून बसलेले माझे बाबा, धोतर नेसलेले. बाबांनी जन्मात धोतर नेसलं नाही. ते चित्र वर्गाच्या भिंतीवर लागलं. वर्गात शिरलं की आधी तेच दिसायचं.

मग बाईला कल्पना सुचली. "तुझे बाबाही शिक्षक होते ना? त्यांना व्हिडिओवर बोलावू या. मुलं त्यांनाच विचारतील." मी नाही कशी म्हणणार? हातानं खणलेला खड्डा होता.

घरी फोन केला. बाबा इतके हरखले की त्यांनी लगेच आईला पांढरा शर्ट इस्त्री करायला सांगितला. मी म्हटलं, "बाबा, वऱ्हांड्यात बसा. तिथं उजेड चांगला येतो."

"नाई बेटा, हॉलमधीच बसतो. पोरायले आपलं घर दिसू दे."

"पण हॉलमध्ये अंधार दिसतो."

"लाईट लावतो न! उमर गेली माही फळ्यापुढं, मले उजेड नको शिकवू." आणि हसले.

तिकडची सकाळ, इकडची दुपार. पडद्यावर बाबा आले ते बरोबर दोन तसबिरींच्या मधोमध. झेंडूचे ताजे हार घातलेले. आई कोपऱ्यात अर्धी दिसत होती. मुलांनी हात हलवले. बाबांनी पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलानं विचारलं, "निळ्या कोटातले ते तुमचे आजोबा आहेत का?" मी मराठीत सांगितलं. बाबांचा चेहरा उजळला. ते सावकाश इंग्रजीत म्हणाले, "ते आहेत म्हणून मी शिक्षक आहे."

मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. तेवढ्यात ती दात पडलेली मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "तुमची लक्ष्मी कुठे आहे? आणि गणेश?"

बाबांना तिथल्या मुलांचे उच्चार कळत नव्हते, म्हणून प्रत्येक प्रश्नाला ते माझ्याकडे पाहत. पण लक्ष्मी हा शब्द सगळीकडे लक्ष्मीच असतो. त्यांनी पाहिलं ते माझ्याकडेच, भाषांतरासाठी नाही. माझ्या मागे भिंतीवर ते चित्र होतं, धोतरातल्या माणसाचं. मला वाटतं ते त्यांना दिसलं. मी खाली मान घातली. मी म्हणू शकले असते, "बाळा, माझी चूक झाली." एवढंच वाक्य होतं.

बाबा मुलांकडे वळून तुटक्या इंग्रजीत म्हणाले, "बाजारातून आणायची आहे अजून. सण जवळ आला की आणू."

खोली गेली तरी बेहत्तर, पण भिंत रिकामी न ठेवणारा माझा बाप, माझ्यासाठी, त्या दोन तसबिरींच्या खाली बसून खोटं बोलला. मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, किती गोड आहेत तुझे बाबा.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. ती सरळ सुरूच झाली. "काय सांगतलं व तुनं त्या पोरायले? तुहे बाबा काल धड जेवले नाई. काऊन केलं असं?" तेवढ्यात बाबांनी फोन घेतला असावा. म्हणाले, "जाऊ दे. पाठ चांगला झाला न? बाईनं चांगलं म्हटलं न?" मी हो म्हटलं. "मंग झालं तर," ते म्हणाले आणि तिकडच्या थंडीची चौकशी करू लागले.

ते रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी तेवढी सवड दिली नाही.

पुढच्या सोमवारच्या आधी मी बाईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, रागावली नाही, गोंजारलंही नाही. म्हणाली, "मग गोलात सांग." मी सांगितलं. म्हटलं, मी माझ्या मैत्रिणीच्या घरचं सांगितलं होतं. माझ्या आजोबांच्या काळी आमच्या माणसांना गावाच्या विहिरीला हात लावू देत नसत, म्हणून आम्ही वेगळी वाट धरली. त्या निळ्या कोटातल्या माणसानं ती दाखवली.

"का हात लावू देत नसत?" एकानं विचारलं.

"याला चांगलं उत्तर नाहीच," मी म्हटलं.

दात पडलेल्या मुलीनं विचारलं, "मग तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला भीती वाटली."

मुलांनी माना हलवल्या. विहीर त्यांना कळली की नाही कोण जाणे, भीती मात्र ताबडतोब कळली. ज्या गोष्टीला मी डोंगर समजत होते ती मधल्या सुट्टीच्या आत संपली. त्या मुलीनं जुनं चित्र काढून नवं लावलं, त्यात बाबांना पँट आणि मागे निळा कोट. कोट जरा जास्तच निळा होता.

मुलांना सांगितलं, बाबांना नाही. दर वेळी फोनवर बोलताना ठरवायची आणि दर वेळी हवापाण्यावर यायची. मनात म्हटलं, नाताळाच्या सुट्टीआधी बाई पुन्हा व्हिडिओ लावणार आहे, तेव्हा बाबा स्वतःच पाहतील. मुलं त्यांना त्या कोटाबद्दल विचारतील, भिंतीवरचं नवं चित्र दिसेल, मला वेगळं काही बोलावंच लागणार नाही. माफीसुद्धा मी दुसऱ्यांच्या तोंडून मागायला निघाले होते.

तो दिवस आला. मुलांनी प्रश्न तयार ठेवले होते, चित्र हातात धरलं होतं. पडदा उजळला. बाबा स्वेटर घालून बसले होते आणि त्यांच्या मागे पांढरी भिंत, विजेचं मीटर आणि दोरीवर वाळत घातलेला टॉवेल.

वऱ्हांडा.

"निळ्या कोटातले आजोबा कुठे गेले?" मुलं एकदम ओरडली.

बाबा गोंधळले. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "काय सांगू यायले?"

माझे बाबा मला विचारत होते. भिंतीला आधी बोलू देणारा माणूस, स्वतःच्या घरात, काय सांगू म्हणून परवानगी मागत होता.

"बाबा, आत चला," मी म्हटलं. "हॉलमध्ये चला, त्यांना तेच पाहायचं आहे."

"राहू दे न बेटा," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, मला तो असता तर बरा वाटला असता. "इथंच बरं हाये. उजेड चांगला येते."

शेवटी आईनंच त्यांच्या हातातून मोबाईल घेतला आणि आत गेली. पडद्यावर चपला दिसल्या, दाराची चौकट दिसली, मग हार घातलेल्या दोन तसबिरी. मुलांनी जल्लोष केला. बाबा मागून आले, उभेच राहिले, सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली. बाईनं माझ्या पाठाला फार चांगला अभिप्राय दिला.

आता मी परत आले आहे आणि माझ्याच जिल्ह्यात शिकवते. शाळेच्या गावी खोली घेतली, तेव्हा सामान उतरवायच्या आधी खिळा ठोकून तसबीर लावली. मग मोबाईल भिंतीकडे धरून बाबांना दाखवलं. "छान," ते म्हणाले. "सरळ लागली." मला वाटलं आता तरी बोलावं. मी म्हटलं, जेवलात का.

शाळा सुटल्यावर मी रोज व्हिडिओ लावते. समोर मी एकटी असते, ना वर्ग, ना बाई, ना कोणी परकं. तरी, आई सांगते, फोन वाजला की बाबा हॉलमधून उठतात, मोबाईल घेऊन वऱ्हांड्यात येतात, मीटरखालच्या खुर्चीत बसतात आणि मगच उचलतात.