आरशासमोरचा चहा

समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवणारे सर मराठी निघाले, तेव्हा सुरतेत मला माझं माणूस भेटल्यासारखं झालं. मी खानदेशातल्या एका लहान गावात शिकलेला, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. वडील सुरतेतच कतारगामला मागावर कामाला. माझी फी सरांनीच माफ करवून घेतली होती, पुस्तकंही त्यांचीच.

मुलाखत कशी घ्यायची हे शिकवायला सर एकेकाला आपल्या खोलीत बोलवायचे. आपण अडचण सांगायची, ते ऐकायचे. बाकीच्यांनी अडचणी रचून नेल्या होत्या, हे मला पुढे कळलं. मला तसं सुचलंच नाही.

"इथं बोललेलं इथंच राहतं," सर म्हणाले.

मी खरं ते सांगितलं. गुजराती बोलताना मला घाम फुटतो. कँटीनला जायचं असलं की सकाळी घरी आरशासमोर 'एक चा आपो' म्हणून बघतो, आणि तरी पुष्कळदा चहा न घेताच परत फिरतो. सरांनी शांतपणे मान हलवली. त्या दिवशी मी फार हलका होऊन घरी गेलो.

पुढच्या आठवड्यात न्यूनगंडावर तास होता. सरांनी उदाहरण दिलं: बाहेरगावचा एक मुलगा, आरसा, चहा. वर्ग हसला. मग एकेक मान माझ्याकडे वळली.

सुट्टीत मागच्या बाकावरचा म्हणाला, "केम दोस्त, अरीसो साथे लाव्यो के?"

मी सरांच्या खोलीत गेलो. "सर, तुम्ही म्हणाला होतात..."

"अरे, नाव कुठं घेतलं मी? आणि बघ, सगळ्यांना किती चटकन समजलं!" त्यांनी कपाटातून आणखी एक पुस्तक काढून मला दिलं. मी ते घेतलं. ज्यांनी इतकं केलं त्यांच्यावर रागवायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

त्याच सत्रात मला नवागामच्या खानदेशी वस्तीत सरावाचं काम मिळालं. माझी अहिराणी ऐकून तिथली एक बाई मोकळी झाली. नवऱ्याबद्दल बरंच बोलली, आणि शेवटी म्हणाली, "कोनले सांगू नको, भाऊ."

वस्तीत ऐकलेलं सगळं शनिवारी सरांना सांगायचा नियम होता.

"काय म्हणाली बाई?" त्यांनी विचारलं.

"नळाला पाणी येत नाही म्हणाली, सर."

माझी ती पहिली रचलेली अडचण. सरांनी तशीच शांतपणे मान हलवली.