नव्व्याण्णवच्या खाली चारशे बारा

चाळीतले दौलतमामा जिन्यात बसले होते. मान छातीवर पडलेली, आणि हाक मारली तर डोळे अर्धवट उघडून पुन्हा मिटायचे. मनालीनं मुलाला, अमितला, हाक मारली, दोघांनी त्यांना टॅक्सीत घातलं. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरनी रक्त तपासून विचारलं, "शुगरचा पेशंट आहे ना?"

"नाही हो," मनाली ठामपणे म्हणाली. "गेल्याच आठवड्यात विहारात शुगर तपासायचं शिबिर झालं. सगळ्यांचं नॉर्मल आलंय. यादी मीच केली."

"आत्ता चारशे चाळीस आहे."

चव्वेचाळिसाव्या वर्षी ती दादरला संध्याकाळचा प्रोग्रॅमिंगचा क्लास लावून आली होती. सकाळी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शन सांभाळायचं, मग क्लास. भोईवाड्याच्या चाळीत बायका हसल्या होत्या. म्हणून शिबिराच्या लॅबनं एकशे बारा जणांचे आकडे वेगळे रिपोर्ट न देता एकाच फाईलमध्ये पाठवले, तेव्हा तिनं हौसेनं सांगितलं, "सर्वांत जास्त शुगरवाले दहा जण मी काढून देते." प्रोग्रॅम चालला. वर नव्व्याण्णव, खाली अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. तिनं विहाराच्या फलकावर लिहिलं : कुणालाही शुगर नाही. टाळ्या पडल्या.

हॉस्पिटलच्या बाकावर तिनं मोबाइलवर मूळ फाईल उघडली. दौलत गायकवाड : ४१२.

"अमित, हे बघ," ती म्हणाली. "हे होतं इथं. पहिल्यापासून होतं."

घरी येऊन ती कॉम्प्युटरपुढे बसली. फाईलमधून आलेले आकडे प्रोग्रॅमला आकडे वाटतच नव्हते, अक्षरं वाटत होती. शब्दकोशात लावतात तसं पहिलं अक्षर बघून त्यानं नऊला चारच्या वर ठेवलं होतं. तिनं अख्ख्या यादीलाच 'आकडा हो' म्हटलं, तर प्रोग्रॅम कोसळला. मग एकेक करून बदलायला घेतले, तर एका न आलेल्या माणसापुढची जागा रिकामी होती, तिथं अडला. ती ओळ वगळली, पण बदललेले आकडे परत यादीत ठेवलेच नाहीत. पुन्हा नव्व्याण्णवच वर. तिसऱ्या वेळी बदललेले आकडे यादीत ठेवले. तेव्हा खरी यादी उतरली. दौलतमामांखेरीज आणखी आठ नावं, दोनशेच्या वरची. तिसरं नाव कमलताईंचं, शेजारच्या खोलीतल्या. तीनशे सहा.

मनाली त्याच दुपारी दारोदार गेली. प्रत्येकाला एकच सांगितलं, "चूक लॅबची नाही, माझी आहे. आजच डॉक्टरकडे जा." कुणी पाणी दिलं, कुणी लगेच चपला घातल्या. कमलताई उंबऱ्यातच थांबल्या.

"फलकावर तू लिहिलंस ना गं? तेव्हापासून मी रोज गुळाचा चहा पितेय."

"हो ताई. मीच लिहिलं."

"मेले असते म्हणजे?"

दार बंद झालं.

दौलतमामा पाच दिवसांनी घरी आले. तिला म्हणाले, "तू जिन्यात होतीस म्हणून वाचलो." ते ऐकून तिला जास्तच रडू आलं. आठही जणांची औषधं सुरू झाली. आता कुठलीही यादी लावली की ती आधी कागदावर दहा नावं हातानं ताडून बघते.

कमलताई गोळ्या नेमानं घेतात. मनालीशी मात्र अजून बोलत नाहीत.